‘यंदा कुणाला?’ विचारण्याआधी

निवडणूक जाहीर झाली की आमच्या घरी कुवेत, दुबई, मुंब्रा, मीरा रोड अशा चारी बाजूंनी फोन येऊ लागतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, ‘यंदा कुणाला?’ २० नोव्हेंबर २०२४च्या विधानसभा मतदानाआधी पंधरा दिवस हेच चाललं होतं. कोणाच्या तरी मेहुण्याने टाकलेला व्हिडिओ, कुठल्या तरी मौलानांची ऑडिओ क्लिप. कोणी मालेगावचं उदाहरण द्यायचं, कोणी हरयाणाचं. उत्तर शेवटी ठरलेलंच: समोरच्याला जो पाडू शकतो त्याला. माझी खाला मासळी साफ करता करता हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, ‘कुनाला ता समदी इचारतात. काय हवा ता मना कोन इचारतंय?’

तेव्हा मी हसले होते. वर्षभर मात्र हा प्रश्न डोक्यातून गेला नाही.

मी साखरी नाट्याची. राजापूर तालुक्यात खाडी समुद्राला मिळते तिथलं हे गाव. खाडीपलीकडे जैतापूर, त्याच्या पुढे माडबन. आमची वस्ती मच्छीमारांची, बहुतेक मुस्लिम. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर मासेमारी करणाऱ्या मुसलमानांना दालदी म्हणतात, आणि हा शब्द आपल्यातलेच काही लोक कोणत्या सुरात उच्चारतात हे वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. तो विषय पुन्हा कधीतरी. अब्बा समुद्रावर जातात. मी रत्नागिरीत एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते आणि शनिवारी रात्रीच्या एसटीने गावी येते.

एप्रिल २०११ मध्ये माझी दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. माडबनच्या सड्यावर प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या, म्हणजे एकूण ९,९०० मेगावॉटचा प्रकल्प यायचा होता. माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे आणि आजूबाजूची मिळून ९३८ हेक्टर जमीन त्यासाठी घेतली गेली. नोव्हेंबर २०१०च्या शेवटी ३५ अटी घालून पर्यावरण मंजुरी मिळाली आणि दहा दिवसांच्या आत फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझी करारासाठी भारतात हजर होते. मग मार्च २०११ मध्ये जपानात फुकुशिमा झालं. टीव्हीवर समुद्रकिनाऱ्यावरची ती भट्टी फुटताना आमच्या गावाने पाहिली आणि ज्यांना तोवर यातलं काही कळत नव्हतं त्यांनाही पुरेसं कळलं. १८ एप्रिलला नाट्यात पोलिसांनी गोळीबार केला. जमाव ठाण्यावर चालून आला म्हणून गोळी झाडावी लागली, असं पोलिसांचं म्हणणं. गाव ते आजही मान्य करत नाही. त्या गोळीबारात तबरेज गेला. मच्छीमार होता.

त्या दिवसाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, मी पुन्हा लिहीत नाही. मला एका वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधायचं आहे. भूसंपादनाच्या यादीत साखरी नाटे नव्हतंच. ज्याच्या नावावर सातबारा, तो प्रकल्पग्रस्त. आमचा सगळा संसार ज्या पाण्यावर चालतो त्याचा सातबारा कोणाच्याच नावावर नाही. भट्ट्या थंड करून समुद्रात सोडायच्या गरम पाण्याचा आकडा आंदोलनात सगळ्यांना पाठ होता, रोज ५,२०० कोटी लिटर. पण त्या पाण्याने ज्यांचं जाळं रिकामं येणार, ते कागदावर कुठेच नव्हते. पुढे २०१३ मध्ये जमिनीचा भाव हेक्टरी साडेबावीस लाखांवर नेला गेला आणि हळूहळू अनेक जमीनमालकांनी धनादेश घेतले. मी त्यांना नावं ठेवत नाही. मुलींची लग्नं होती, आजारपणं होती. समुद्राचा भाव मात्र कुणी काढला नाही, कारण भाव सांगायला लागणारा कागदच आमच्याकडे नव्हता.

माडबनला अजून भट्टी उभी राहिलेली नाही. कुंपण आहे.

आता निवडणुकीकडे येते. २०११ मध्ये राज्यात आणि केंद्रात काँग्रेस आघाडीचं सरकार होतं, ते प्रकल्प रेटत होतं. आमच्या बाजूने उभी राहिली शिवसेना. ज्या पक्षाचं नाव १९९२-९३नंतर आमच्या आयांनी हलक्या आवाजात घेतलं, त्याचे झेंडे आमच्या जेटीपर्यंत आले आणि कोणी दारं लावली नाहीत. मला अजूनही ते चांगलंच घडलं असं वाटतं. राजापूरने २००९, २०१४ आणि २०१९ अशा तीन वेळा राजन साळवींना निवडून दिलं, त्यात आमचीही मतं होती.

मग रिफायनरी आली. आधी नाणारला, २०१७ मध्ये. विरोध झाला आणि लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, मार्च २०१९ मध्ये, नाणारची अधिसूचना रद्द झाली. आम्ही पेढे वाटले. जानेवारी २०२२ मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून पर्यायी जागा सुचवली: बारसू. त्याच पत्रात क्रूड तेलाच्या टर्मिनलसाठी नाटे परिसरातली २,१४४ एकर जागा होती. आम्हाला हे वर्तमानपत्रातून कळलं. सरकार बदललं, एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षण सुरू झालं, बाया रस्त्यावर आडव्या पडल्या, शंभराहून अधिक आंदोलकांना पोलिसांनी ताब्यात घेतलं. ६ मे रोजी उद्धव ठाकरे बारसूला आले, आंदोलकांना भेटले आणि रिफायनरीच्या विरोधात बोलले. २०२४ला साळवी हरले, एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचे किरण सामंत जिंकले. फेब्रुवारी २०२५ मध्ये साळवीही शिंदे यांच्या शिवसेनेत गेले.

म्हणजे ज्याला वाचवायला आणि ज्याला पाडायला कुवेतहून फोन येत होते, ते दोघं आज एकाच पक्षात आहेत. पंधरा दिवस आमच्या घरात जेवताना जो वाद झाला तो नेमका कशासाठी होता?

यावरून मतदान फुकट आहे असं कोणी समजू नये. मी मत दिलं, पुढेही देईन. माझं म्हणणं एवढंच आहे की ‘कुणाला’ हे ठरवण्याआधी ‘कशासाठी’ हे आम्ही कधी लिहून काढलं नाही. उमेदवाराने आमच्या जेटीवर येऊन जे सांगितलं, तेच आम्ही आमचं म्हणणं समजलो. त्याचा पक्ष बदलला की आमचं म्हणणंही त्याच्याबरोबर गेलं. २०२४च्या विधानसभेत २८८ पैकी १० मुस्लिम आमदार आले, यावर आपल्या पोरांनी केलेल्या रील्स मी मोजल्या तर शंभर भरतील. तो प्रश्न खराच आहे. पण तो आकडा वीस झाला तरी आमच्या दवाखान्यात सीटी स्कॅन आपोआप येत नाही.

सीटी स्कॅन मी उगाच म्हटलं नाही. २०२२च्या पावसाळ्यात माझ्या दादीला पहाटे लकवा मारला. तोंड वाकडं झालं, उजवा हात पडला. मी लॅबमध्ये काम करते, मला माहीत होतं की रक्ताची गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी डोक्याचा स्कॅन लागतो. पहिल्या दवाखान्यात डॉक्टर होते, मशीन नव्हतं. त्यांनी ‘रेफर’ लिहून दिलं. दुसऱ्या ठिकाणी मशीन होतं, त्या दिवशी चालवणारा नव्हता. तिथेही ‘रेफर’. कोल्हापूरला न्या म्हणाले. अणुस्कुरा घाटात दरड आलेली. शेवटी रत्नागिरीत स्कॅन झाला तेव्हा आठ तास उलटून गेले होते. दादी वाचली. उजवा हात गेला. आता डाव्या हाताने तसबीह ओढते आणि आम्हाला सांगते, अल्लाने एक तरी ठेवला. मला तिच्यासारखं समाधान मानता येत नाही. ज्या दोन जागांची नावं मी इथे लिहीत नाही, तिथल्या माणसांचा दोष मला फारसा दिसला नाही. त्यांच्याकडे जे नव्हतं ते कोणी कधी मागितलंच नव्हतं.

याच दवाखान्यावरून माझं आणि माझ्या भावाचं वाजतं. तो कुवेतला एका वर्कशॉपमध्ये आहे, तीन वर्षं घरी आलेला नाही. तो रिफायनरीच्या बाजूचा आहे. तो म्हणतो, ‘तुम्ही बसा समुद्र वाचवत. प्रकल्प आला असता तर इथेच मोठं हॉस्पिटल झालं असतं, दादीचा हात वाचला असता, आणि मी पन्नास डिग्रीत गाड्या दुरुस्त करत बसलो नसतो.’ त्याला उत्तर देताना माझा आवाज दरवेळी चढतो, याचा अर्थ त्याच्या बोलण्यात काहीतरी खरं आहे. खलाश्याचं काम आता आमची मुलं करत नाहीत, होड्यांवर नेपाळी पोरं आहेत. नोकरीचा प्रश्न झटकून टाकणारं आंदोलन पाच वर्षांत म्हाताऱ्यांचं होऊन जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पण हॉस्पिटलच्या बाबतीत तो चुकतो. प्रत्येक प्रकल्पाच्या सभेत हॉस्पिटलचं चित्र दाखवतात. जमीन द्या, हॉस्पिटल घ्या. सांगलीच्या, साताऱ्याच्या माणसाला सरकारी रुग्णालयासाठी आपलं शेत आणि समुद्र तारण ठेवावा लागतो का? दवाखाना आम्हाला नागरिक म्हणून मिळायचा आहे. तो आमच्या होकाराची किंमत म्हणून समोर ठेवला जातो, आणि आपण इतके थकलेलो असतो की त्यातली चलाखी आपल्या लक्षातही येत नाही. रत्नागिरीत २०२३ला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, कुठलीही रिफायनरी नसताना. चांगली गोष्ट आहे. पण नाट्याहून तिथपर्यंतचा रस्ता तेवढाच लांब आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजना त्याच वर्षी सगळ्या रेशनकार्डांना लागू करायचं आणि पाच लाखांपर्यंत वाढवायचं ठरलं, तेही चांगलं. कार्ड खिशात आहे. ते चालणारं हॉस्पिटल आणि तिथवर वेळेत नेणारी गाडी, हे कार्डावर लिहिलेलं नसतं.

नागरी स्वातंत्र्य हा शब्द आपल्या लेखांत फार येतो आणि तो ऐकला की दिल्लीचं एखादं न्यायालय डोळ्यांसमोर उभं राहतं. नाट्यात त्याचं नाव पासपोर्ट. २०११नंतर आंदोलकांवर गुन्हे दाखल झाले, त्यांत आमच्या गावचेही लोक होते. फौजदारी खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो, आणि मिळवायचा तर कोर्टाची परवानगी आणावी लागते. कोकणी मुसलमानाच्या घरात याचा अर्थ काय होतो, ते सांगायला नको. एका मोर्चात दिसलेल्या चेहऱ्यामुळे आखाताची वाट बंद होऊ शकते. म्हणून आमच्याकडे आई मुलाला मोर्चाला जाऊ नको म्हणते तेव्हा ती भित्री नसते, तिने हिशेब केलेला असतो. शंभर जणांच्या गर्दीत आपलंच नाव आधी लिहिलं जाईल, हा तिच्या हिशेबातला दुसरा आकडा. तोही तिने उगाच धरलेला नाही.

त्यात दिवस सोपे राहिलेले नाहीत. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडलं गेलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. ते रिफायनरीविरोधी आंदोलनाच्या बातम्या देत होते. प्रकल्पाच्या एका समर्थकावर खुनाचा गुन्हा दाखल झाला. आणि १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. कडव्या डाव्या संघटनांसाठी ते आहे, सामान्य आंदोलकांनी घाबरू नये, असं सरकार सांगतं. त्यावर १२,०००हून अधिक सूचना-हरकती आल्या होत्या. इतक्या लोकांना कायद्याची भाषा सैल वाटली, तर ती सैल असण्याची शक्यता मला जास्त वाटते. २०११ मध्ये बाहेरच्या माणसांना जिल्ह्यात यायला बंदी करण्यासाठी जुने कायदेही पुरले होते. निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्यासारख्यांनाही नोटिसा गेल्या होत्या.

मग करायचं काय? मोर्चा सोडायचा? मला वाटतं, मोर्च्याआधी करायची शंभर कामं आपण केलेलीच नाहीत आणि त्या कामांत कोणाचा पासपोर्ट जात नाही.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सहा जणींनी एक वही केली. दोनशे पानी, कॉलेजच्या मुलांची असते तशी. चार घरांमागे एकीने जायचं, चहा प्यायचा आणि चार गोष्टी लिहायच्या. घरात कोण आजारी, कुठे जातं, किती पैसे लागतात. मतदारयादीत कोणाकोणाची नावं आहेत. होडी, जाळं, खलाशी, वादळात काय गेलं. कोणावर केस आहे का, कुठवर आली आहे. पहिल्या दिवशी मला वाटलं, केसबद्दल कोणी बोलणार नाही. उलट त्याबद्दलच बायका सर्वांत जास्त बोलल्या, कारण त्यांना आजवर कोणी विचारलंच नव्हतं. एकीने कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेले समन्स काढून दाखवले. तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. केस संपली की चालू आहे तेही माहीत नव्हतं. आम्ही ते कागद एका वकिलाला दाखवले. एवढंच काम, पण तिच्या मुलाला आता निदान अर्ज कुठे करायचा ते माहीत आहे.

मतदारयादीचं पान आश्चर्यकारक निघालं. लग्न होऊन आलेल्या कितीतरी सुनांची नावं अजून माहेरच्या गावात होती. स्पेलिंग तर विचारू नका. एकाच घरात आडनाव तीन प्रकारे. आखातात असलेल्यांना पासपोर्टच्या आधारावर फॉर्म ६-अ भरून नाव ठेवता येतं, मत द्यायला मात्र स्वतः यावं लागतं, ही गोष्ट कुवेतहून ‘यंदा कुणाला’ विचारणाऱ्या माझ्या भावालाही माहीत नव्हती. दुसऱ्या राज्यांत याद्यांची विशेष फेरतपासणी चालू आहे, आपल्याकडेही कधीतरी होईल. तेव्हा धावाधाव करण्यापेक्षा आत्ता एका रविवारी मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याबरोबर बसणं सोपं आहे. आम्ही बसलो. बाई चांगल्या होत्या, त्यांना आमचा राग यायच्या ऐवजी मदतच झाली.

समुद्राच्या पानांवर मी जास्त वेळ देते आहे, कारण हवामानबदल हा विषय आपल्या तरुणांना शहरी लोकांचा वाटतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं आहे की २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं आधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली. आम्हाला तो आकडा नंतर कळला. वादळांची नावं आधीच पाठ होती. २०१९ला क्यार, २०२०ला निसर्ग, मे २०२१ मध्ये तौक्ते. तौक्तेच्या वेळी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्याही एकमेकींवर आपटल्या. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा ज्यांची कागदपत्रं होती त्यांचं नुकसान नुकसान ठरलं. नोंदणी नसलेली लहान होडी, भागीत घेतलेलं जाळं, खलाश्याचे बुडालेले दिवस, हे कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. पुन्हा तोच सातबारा! वहीत आता प्रत्येक होडीचा फोटो आहे, तारखेसह, वादळाआधीचा. अब्बा म्हणाले, वादळाच्या आधी फोटो काढणं अपशकुनी आहे. मग स्वतःच होडीजवळ उभे राहिले आणि टोपी नीट केली.

अणुऊर्जेने कार्बन कमी होतो, मग पर्यावरणवाल्यांनी विरोध का करायचा, असं मला कॉलेजात एका सरांनी विचारलं होतं. वाजवी प्रश्न आहे. हवा तापू नये म्हणून वीज कशी बनवायची ते देशाने ठरवावं, पण त्यासाठी ज्याचं पाणी तापणार त्याला मोजल्याशिवाय ठरवू नये, एवढंच मी तेव्हा म्हणू शकले. आजही त्यापेक्षा शहाणं उत्तर माझ्याकडे नाही.

हे सगळं मुसलमानांनी मुसलमानांपुरतं करायचं काम नाही, आणि इथे मला मार्च २०२५ची गोष्ट सांगावी लागेल. तालुक्याच्या गावी, राजापुरात, १२ मार्चला शिमग्याच्या मिरवणुकीतला होळीचा लांबलचक माड जवाहर चौकातल्या मशिदीच्या दाराला लागला. घोषणा झाल्या, व्हिडिओ पसरला. मशिदीच्या पायऱ्यांपाशी तो माड टेकवायची रीत जुनी आहे, ही गोष्ट पोलिसांनीही सांगितली. त्या वर्षी जे झालं ते त्या रितीसारखं नव्हतं, हेही राजापूरकरांना दिसत होतं. माझ्या फोनवर ते रील आलं ते दिल्लीच्या कुठल्या तरी हँडलवरून, राजापूरहून येण्याआधी. दोन वर्षांपूर्वी बारसूच्या सड्यावर ज्या कुणबी बाया आडव्या पडल्या होत्या, त्यांच्या बाजूने आम्ही होतो. २०११ मध्ये नाट्याच्या बाजूने माडबनचे भंडारी, कुणबी उभे होते. त्या रात्री मी विचार करत होते की यांच्यापैकी किती जणींचा फोन नंबर माझ्याकडे आहे. एकीचाही नव्हता. आंदोलन असतं तेव्हा आपण एका मांडवात बसतो, मांडव उतरला की ओळख संपते. वही सुरू केली तेव्हा म्हणूनच पहिल्याच आठवड्यात खाडीपलीकडच्या दोघींना बोलावलं. त्यांच्या गावातही ‘रेफर’ हाच शब्द आहे. त्यांनी त्यांची वेगळी वही केली आहे, आणि खरं सांगायचं तर अक्षर त्यांचं जास्त चांगलं आहे.

सगळं सुरळीत चाललंय असं मात्र नाही. जमातीतल्या काही बुजुर्गांना बायकांनी घरोघर फिरणं पटलेलं नाही. ‘आम्हाला सांगायचं, आम्ही केलं असतं’ असं म्हणतात. सांगितलं तर करत नाहीत, हे मी त्यांना तोंडावर म्हणाले नाही, इथे लिहिते. सहा जणींपैकी दोघींनी सोडलं. एकीच्या सासऱ्यांनी सांगितलं, केसची माहिती लिहून ठेवली आणि वही चुकीच्या हाती गेली तर? त्यांचा प्रश्न बरोबर होता. आम्ही ती पानं वेगळी काढली, आता त्यांवर नावं नाहीत, फक्त खुणा आहेत आणि खुणांचा अर्थ आम्हा दोघींनाच माहीत आहे.

वहीवर डोळा असणारे आले ते वेगळ्याच बाजूने. जिल्हा परिषदेच्या निवडणुकांची चर्चा सुरू झाली तसा एका पक्षाचा कार्यकर्ता घरी आला. आमच्याच नात्यातला, ‘आपलाच’ मुलगा. म्हणाला, घरोघरचे नंबर आहेत ना तुमच्याकडे, एक फोटोकॉपी द्या, साहेबांना सांगून तुमचं हॉस्पिटलचं काम करतो. अम्मीला वाटलं, द्यावी. इतका जवळचा माणूस, आणि काम तर व्हायलाच हवंय. मी नाही म्हणाले. वही आमची नाही, ज्यांनी चहा पाजून सांगितलं त्यांची आहे. तो रागावून गेला. अम्मी दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. जाताना तो म्हणाला ते खोटं नव्हतं: ‘असं करून कामं होत नाहीत.’ कदाचित त्याच्या पद्धतीने लवकर झालं असतं. पण मग पुढच्या वेळी साहेब पक्ष बदलतील, तेव्हा आमची वहीही त्यांच्याबरोबर जाईल.

वहीऐवजी आम्ही त्याला एक कागद पाठवला, बाकीच्या सगळ्या इच्छुकांनाही तोच. त्यावर मागण्या आहेत: जवळच्या सरकारी दवाखान्यात रात्रीचा डॉक्टर आणि रुग्णवाहिकेचा चालक, रुग्ण कल्याण समितीत आमच्या वस्तीतली एक बाई, पंचनाम्यात बिननोंदणीच्या होडीचा रकाना, आणि टर्मिनल असो की आणखी काही, नाट्याबद्दलचं कोणतंही पत्र दिल्लीला किंवा मुंबईला जाण्याआधी ग्रामसभेसमोर वाचून दाखवायचं. शेवटच्या मागणीवर जिल्हा परिषदेचा सदस्य काय करणार, असं मला दोघांनी विचारलं. तो निदान विचारू तर शकतो, असं मी म्हणाले. खाली सहीची जागा सोडली आहे. आतापर्यंत एकाची सही आली आहे, एकाने ‘भेटून बोलू’ म्हणून कळवलं आहे, बाकीचे गप्प आहेत.

नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची, असं कायदा सांगतो. पुष्कळ ठिकाणी ती सह्यांपुरतीच होते. २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी ती खरोखर भरावी म्हणून आम्ही लेखी अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे. भावाला मी त्या पोचपावतीचा फोटो पाठवला. दोन दिवस त्याचं उत्तर नव्हतं. मग आलं: ‘त्या मागण्यांत गावातल्या मुलांच्या नोकरीचं काहीच का नाही?’

खरंच नाही. खालाला विचारलं तर म्हणाली, ‘ल्ही मग. पान हाय ना अजून?’